व्हेंटिलेटेड सीट आणि कूल्ड सीट: पाठीला वारा की पाठीला गारवा?

मागच्या मे महिन्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत शेजारच्या काकांनी नवीन गाडी दाखवायला खाली बोलावलं आणि अगदी कौतुकाने म्हणाले, "बस बस, सीटमध्येच एसी आहे यात." गाडी सकाळपासून उन्हात उभी होती. मी बसलो, त्यांनी बटण दाबलं, निळे तीन दिवे लागले, खालून घूंऽऽ असा बारीक आवाज आला आणि पाठीला चक्क गरम वारा लागायला लागला. काका जरा ओशाळले, मग म्हणाले, "गॅस कमी भरलाय वाटतं, सर्व्हिसिंगला सांगतो."

आता खरी गंमत अशी की त्या सीटमध्ये गॅस नव्हताच, गॅस काय, थंड करणारं काहीच नव्हतं, होते ते फक्त पंखे. आणि यात काकांची चूक नाही, कारण शोरूममधला पोरगा "कूल्ड सीट" म्हणतो, जाहिरातीत "व्हेंटिलेटेड" लिहिलेलं असतं, युट्यूबवाले दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरतात आणि आपण समजतो की एकच वस्तू आहे. तर तसं नाहीये.

व्हेंटिलेटेड सीट म्हणजे सीटच्या फोममध्ये हवा खेळायला जागा ठेवलेली, वरचं लेदर किंवा लेदरेट बारीक बारीक भोकांचं, आणि आत बसण्याच्या भागात नि पाठीत छोटे पंखे. हे पंखे गाडीतलीच हवा फिरवतात. काही गाड्यांत हवा तुमच्याकडे फेकतात, काहींत तुमच्या पाठीकडून आत ओढून घेतात. आपल्या गाडीत काय आहे ते बघायचं असेल तर टिश्यू पेपरचा एक पातळ पदर सीटवर ठेवा आणि पंखा फुल करा, फडफडला तर फेकतेय, भोकांना चिकटून बसला तर ओढतेय. ओढणारी सीट असली की लोकांना वाटतं बंदच आहे, कारण वारा असा लागत नाही, पण पंधरा मिनिटांनी शर्ट कोरडा असतो.

कूल्ड सीटमध्ये मात्र हवा खरोखर गार करायची सोय असते. काही गाड्यांमध्ये डॅशबोर्डच्या एसीची गार हवाच नळीने सीटपर्यंत आणतात. दुसरा प्रकार जास्त भारी आहे, त्यात पेल्तिए नावाची चपटी वडी असते. ज्यां पेल्तिए हा फ्रेंच माणूस, आधी घड्याळांचा धंदा करायचा, त्याने १८३४ मध्ये पाहिलं की दोन वेगळ्या धातूंच्या जोडांतून वीज सोडली तर एक जोड गार पडतो आणि दुसरा तापतो. आजच्या वडीत धातूंऐवजी सेमीकंडक्टर असतात पण तत्त्व तेच. गाडीच्या लायटरला लावायचा तो छोटा फ्रिजचा डबा मिळतो ना, पिकनिकला नेतात तो, त्यातही बहुतेक वेळा हीच वडी असते. सीटमध्ये गार बाजूवरून हवा फिरवून तुमच्याकडे पाठवतात आणि तापलेल्या बाजूची उष्णता सीटखाली सोडून देतात. विजेची दिशा उलटी केली की तीच वडी सीट गरम करते, म्हणजे थंड देशातल्यांचं दोन्ही काम एकात होतं, मुंबईकराला अर्थात अर्ध्या फीचरचे पैसे फुकट.

हे सगळं काल-परवाचं नाही. पंख्याची सीट साब कंपनीने ९-५ या गाडीत १९९७ मध्येच आणली होती, तीसुद्धा स्वीडनसारख्या थंड देशातली कंपनी. आपल्याकडे मात्र परवडणाऱ्या गाड्यांत यायला वेळ लागला, ह्युंदाई वर्नात २०१७ ला आली, मारुतीच्या एक्सएल६ मध्ये २०२२ ला, आणि आता तर छोट्या एसयूव्हीतही वरच्या मॉडेलला मिळते. यातल्या जवळपास सगळ्या पंख्याच्या. खरी कूल्ड बघायची तर महागड्या लक्झरी गाड्यांकडे जावं लागतं.

मग पंख्याची म्हणजे फसवणूक का? अजिबात नाही, फक्त ती काम कसं करते ते समजून घ्यायला पाहिजे. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो, एक ग्रॅम घाम सुकायला साधारण ५८० कॅलरी लागतात (डाएटवाल्या नाहीत हां, त्यांच्या हजाराव्या भागाच्या छोट्या). पण पाठ सीटला टेकली की घामाला सुकायला जागाच उरत नाही, आणि मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर (जेव्हीएलआर) तासभर अडकून उतरलं की शर्टावर पाठीचा नकाशा उमटलेला असतो. पंखा तिथे वाट करून देतो, बाकी काही नाही.

यात मुंबईचा वेगळा घोळ आहे. नागपूरला मेमध्ये वाळ्याचा कूलर काय मस्त चालतो, तोच कूलर दादरला लावून बघा, खोलीभर चिकचिक होईल, कारण इथली हवा आधीच पाण्याने भरलेली, तिच्यात घाम सुकणार कुठे. माठाचंही तेच, नागपूरच्या माठातलं पाणी आणि परळच्या माठातलं पाणी एकसारखं गार होत नाही. म्हणजे काचा उघड्या ठेवून, एसी बंद करून व्हेंटिलेटेड सीट चालवली तर मुंबईत ती निम्मीही कामाची नाही. एसी लावल्यावर मात्र चित्र बदलतं, कारण एसी हवा नुसती गार करत नाही, तिच्यातलं पाणीही काढतो, गाडीखाली टपटप गळतं ते हेच पाणी. ती कोरडी गार हवा सीटने पाठीमागे खेळवली की मग कळतं पैसे कशाचे दिले ते.

म्हणून उन्हातल्या गाडीत बसल्याबसल्या सीटचं बटण दाबू नका. आधी दारं-काचा उघडून तापलेली हवा जाऊ द्या, एसी लावा, चार-पाच मिनिटांनी केबिन जरा निवली की मग सीटचा पंखा. काकांना हे सांगितलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं केलं आणि सर्व्हिसिंगचा बेत रद्द झाला. कूल्ड सीटला हे थांबणं कमी लागतं, तिचा खरा फायदा तोच, पण केबिन भट्टी झालेली असेल तर तिलाही धाप लागतेच.

खरं सांगायचं तर ही युक्ती मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना कधीचीच ठाऊक होती. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीत ड्रायव्हरच्या सीटवर लाकडी मण्यांचं कव्हर असायचं ना, ते कशासाठी? पाठ आणि रेग्झिन यांच्यात फट राहावी, वारा जावा म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या गेल्या, मणी मात्र अजून दिसतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या पंख्याच्या गाद्या बहुतेक साध्या पंख्याच्याच असतात, वर "कूलिंग" लिहिलेलं असलं तरी. तात्पुरत्या ठीक. पण सीट फाडून आत पंखे बसवून देणारे भेटले तर दहा वेळा विचार करा, हल्ली साइड एअरबॅग बऱ्याचदा सीटमध्येच असते आणि तिथे कुणाची कात्री चाललेली मला तरी नको.

सांभाळायचं म्हटलं तर भोकांचीच काळजी. गाडीत वडापाव खाल्ला की सुकी लसणाची चटणी बरोब्बर त्या भोकांत जाऊन बसते, ओल्या फडक्याने पुसली तर आणखी आत जाते, त्यामुळे आधी व्हॅक्युम, मग हलकंसं पुसणं. आणि जाड सीट कव्हर अजिबात नाही. माझ्या गाडीत पहिला आठवडा मला काहीच फरक कळला नव्हता, कारण आईने सीटवर टर्किशचा जाड टॉवेल घातला होता, "नवीन आहे, घामाने खराब होईल" म्हणून. टॉवेल काढ म्हटलं तर ऐकेना, शेवटी एकदा ऐरोलीपर्यंत बिनटॉवेलची बसवून नेली, तेव्हा पटलं. आता तो टॉवेल मागच्या सीटवर गेलाय, तिथे तसेही पंखे नाहीत.