फोटोच्या पोटातल्या नोंदी

मोबाइलने काढलेल्या फोटोची जेपेग फाइल बाइट-बाइट करून वाचायला घेतली, तर सुरुवातीला चित्राचा एकही पिक्सेल हाती लागत नाही. पहिले दोन बाइट षोडशमान पद्धतीत (० ते ९ आणि ए ते एफ अशी सोळा चिन्हं वापरून) एफएफ आणि डी८ असे असतात. ‘जेपेग इथे सुरू झाली’ एवढंच ते सांगतात. पाठोपाठ सहसा एफएफ आणि ई१ ही खूण येते. मग दोन बाइटांत पुढच्या भागाची लांबी आणि त्यानंतर रोमन लिपीत ‘एक्झिफ’ ही चार अक्षरं. कॅमेरा कुठल्या कंपनीचा, फोटो केव्हा काढला, शटर किती वेळ उघडं होतं, फोन आडवा धरला होता की उभा, आणि परवानगी दिलेली असेल तर तो पृथ्वीवर नेमका कुठे होता, हे सगळं इथून पुढे लिहिलेलं असतं. या भागाची लांबी दोनच बाइटांत मांडायची असल्यामुळे तो ६४ किलोबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचं चित्र न दाबता ठेवलं तर ३६ मेगाबाइट जागा खातं. त्या मानाने या नोंदी नगण्यच, पण फोटोबद्दलच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं पिक्सेलमध्ये नसून त्यांच्यातच असतात.

या नोंदींना मेटाडेटा म्हणतात आणि त्या वाचायला लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रामात वापरता येणारे तयार कोड, आहेत. पायथनमध्ये पिलो, सी प्लस प्लसमध्ये एक्झिव्ह२, जावामध्ये मेटाडेटा-एक्स्ट्रॅक्टर, आणि या सगळ्यांपेक्षा जास्त प्रकारच्या फाइली ओळखणारं, फिल हार्वे यांनी २००३पासून पर्ल भाषेत वाढवत नेलेलं एक्झिफटूल. यांतली कुठलीही लायब्ररी घेतली तरी वाचण्याचं काम चार-पाच ओळींत उरकतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. लायब्ररी आकडे देते, पण त्या आकड्यांवर किती आणि कशासाठी विसंबायचं हे ती सांगत नाही. ते कळायला फाइलच्या आत एकदा तरी डोकावायला हवं.

एक्झिफ म्हणजे या नोंदी कशा लिहायच्या ते ठरवणारं मानक. त्याची पहिली आवृत्ती १९९५मध्ये जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने प्रसिद्ध केली. आतली रचना त्यांनी नव्याने शोधली नाही. ऑल्डस कंपनीने १९८६मध्ये आणलेल्या टिफ या चित्र-प्रकाराची रचना त्यांनी जशीच्या तशी उचलली. त्यामुळे ‘एक्झिफ’ या अक्षरांनंतर एक छोटी टिफ फाइलच सुरू होते. तिची पहिली दोन अक्षरं ‘आय आय’ असतात किंवा ‘एम एम’: आय म्हणजे इंटेल, एम म्हणजे मोटोरोला. अनेक बाइटांच्या आकड्यातला लहान हिस्सा आधी लिहायचा की मोठा, याबाबत या दोन कंपन्यांच्या प्रोसेसरांची पद्धत उलटसुलट होती. कॅमेऱ्याने कुठली पद्धत वापरली ते ही अक्षरं सांगतात. त्यानंतर ४२ हा आकडा येतो. ‘मनाला येईल तो, पण विचारपूर्वक निवडलेला’ असं त्याचं वर्णन टिफच्या अधिकृत दस्तऐवजातच आहे.

मग येतो तक्ता. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखा: प्रत्येक ओळीत विषयाचा क्रमांक आणि मजकूर कुठे सापडेल त्याचा पत्ता. प्रत्येक ओळ बरोबर १२ बाइटांची. अशी एक ओळ प्रत्यक्ष वाचून बघू:

१२ ०१ ०३ ०० ०१ ०० ०० ०० ०६ ०० ०० ००

फाइल ‘आय आय’ प्रकारची आहे, म्हणजे लहान हिस्सा आधी. पहिले दोन बाइट उलटे वाचले की ०११२ मिळतं, दशमानात २७४. हा टॅगचा, म्हणजे नोंदीच्या विषयाचा, क्रमांक, आणि २७४ म्हणजे ओरिएंटेशन, फोटो कसा धरून काढला ते. पुढचे दोन बाइट ३ हा आकडा देतात: मूल्य दोन बाइटांच्या पूर्णांकात आहे. त्यापुढचे चार सांगतात की असं मूल्य एकच आहे. शेवटच्या चारांत ते मूल्य: ६. म्हणजे चित्र दाखवताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंश फिरवा. हीच ओळ ‘एम एम’ समजून वाचली, तर टॅगचा क्रमांक ४६०९ निघतो आणि असा टॅग एक्झिफमध्ये नाहीच. दोन अक्षरांकडे दुर्लक्ष झालं की पुढचं सगळं वाचन कोलमडतं. लायब्ररी वापरायची ती याचसाठी. ही उस्तवार प्रत्येकाने नव्याने करण्यात काही अर्थ नाही.

चार बाइटांत मावणारं मूल्य तिथेच लिहिलं जातं. जास्त जागा लागली तर त्या चार बाइटांत मजकूर फाइलमध्ये कितव्या बाइटवर आहे तो पत्ता येतो. शटरचा वेळ हे याचं नेहमीचं उदाहरण. एक्झिफ दशांश चिन्ह वापरत नाही. सेकंदाचा १२५वा भाग म्हणजे १ आणि १२५ असे दोन पूर्णांक, प्रत्येकी चार बाइट. हाच वेळ काही कॅमेरे १० आणि १२५० असा लिहितात. किंमत तीच, रूप वेगळं. भिंगाची माहिती ठाऊक नसेल तर ०/० लिहिण्याची मुभा मानकातच आहे. आपल्या प्रोग्रामने सरळ भागाकार करायचा ठरवला, तर एखाद्या जुन्या भिंगाच्या फोटोवर तो गचके खाणार.

आता पिलोकडे येऊ. फाइल उघडायची आणि गेटएक्झिफ हे फंक्शन चालवायचं. पिलो फाइल उघडताना पिक्सेल उलगडत बसत नाही, फक्त सुरुवातीचा भाग वाचते, त्यामुळे हजारो फोटोंवरही हे काम झपाट्याने होतं. हाती येतो एक शब्दकोश: डावीकडे २७१, २७२, २७४, ३०६ असे आकडे, उजवीकडे मूल्यं. आकड्यांना नावं देणारी यादी पिलोमध्येच आहे. २७१ म्हणजे उत्पादक, २७२ म्हणजे मॉडेल. नवखा माणूस अडकतो तो इथेच. शटरचा वेळ दिसत नाही, ॲपर्चर (भिंगाचं छिद्र किती उघडं होतं ते) दिसत नाही, ठिकाण दिसत नाही. ‘माझ्या फोटोत ही माहितीच नाही’ असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो. माहिती असते, पण एक पायरी खाली. पहिल्या तक्त्यातल्या ३४६६५ क्रमांकाच्या टॅगमध्ये दुसऱ्या तक्त्याचा पत्ता असतो आणि छायाचित्रणाच्या नोंदी त्या दुसऱ्या तक्त्यात. ३४८५३ हा टॅग ठिकाणाच्या तक्त्याकडे नेतो. पिलोला हे क्रमांक देऊन ते तक्ते वेगळे मागावे लागतात.

या विभागणीमुळे सगळ्यात जास्त घोळ होतो तो तारखेचा. वरच्या तक्त्यात सहज मिळणारा ३०६ क्रमांकाचा टॅग ‘तारीख आणि वेळ’ असं नाव मिरवतो, म्हणून लोक तोच उचलतात. पण त्याचा अर्थ आहे फाइल शेवटची बदलली तो क्षण. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फोटोत दोन्ही वेळा सारख्याच असतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून फोटो गेला की ३०६ची किंमत बदलू शकते. फोटो काढल्याची खरी वेळ खालच्या तक्त्यात, ३६८६७ या टॅगमध्ये. फोटो तारखेनुसार लावणारा कुठलाही प्रोग्राम लिहायचा असेल तर आधी तो टॅग बघावा.

तो बघूनही प्रश्न सुटत नाही. ही वेळ ‘२०२४:०५:१७ १८:४२:०९’ अशा १९ अक्षरांत लिहितात आणि शेवटी एक शून्य बाइट जोडतात. यात कालविभाग नाही. १८:४२ टोकियोतले की लंडनमधले, हे या ओळीवरून कळायला मार्ग नाही. कालविभागासाठी वेगळे टॅग आले ते २०१६च्या २.३१ आवृत्तीत, म्हणजे एक्झिफला वीस वर्षं उलटून गेल्यावर. त्याआधीचे असंख्य फोटो त्याविना आहेत. यावर एक सुरेख तोड मात्र आहे. ठिकाणाच्या तक्त्यात उपग्रहाकडून मिळालेली वेळ असते आणि ती नेहमी जागतिक प्रमाणवेळेत असते. कॅमेऱ्याची वेळ तिच्यापुढे ९ तास निघाली, तर फोटो बहुधा जपानच्या वेळेत काढलेला आहे; ९ तास ३ मिनिटं निघाली, तर कॅमेऱ्याचं घड्याळ तीन मिनिटं पुढे असण्याची शक्यता मोठी. लायब्ररी फक्त दोन नोंदी देते. त्यांची सांगड घालायची ती आपण.

ठिकाणाचंही तसंच. अक्षांश तीन अपूर्णांकांत येतो: ४८ अंश, ५१ मिनिटं, आणि २९६४ भागिले १०० सेकंद. मिनिटांना ६०ने, सेकंदांना ३६००ने भागून बेरीज केली की ४८.८५८२३ मिळतं. पण उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम हे वेगळ्या टॅगमध्ये असतं. तो वाचायचा राहिला तर दक्षिण गोलार्धातला माणूस नकाशावर उत्तर गोलार्धात जाऊन पडतो. शिवाय सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे जमिनीवर जेमतेम ३० सेंटिमीटर. फोनची जागा ओळखण्याची क्षमता मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरचीच असते. आकडा इतका बारीक दिसतो म्हणून तो तितका अचूक ठरत नाही, हे नकाशे काढणाऱ्यांनी विसरता कामा नये.

तरीही त्याची ताकद कमी लेखू नये. डिसेंबर २०१२मध्ये अँटीव्हायरस उद्योजक जॉन मॅकॅफी बेलीझच्या पोलिसांना चौकशीसाठी हवे होते आणि लपून फिरत होते. त्यांच्यासोबत असलेल्या एका मासिकाच्या पत्रकारांनी त्यांचा आयफोनने काढलेला फोटो संकेतस्थळावर टाकला. अक्षांश-रेखांश फाइलमध्ये तसेच राहिले होते. वाचकांनी ते काढले आणि मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत हे जगजाहीर झालं. काही दिवसांतच तिथे त्यांना अटक झाली.

म्हणून मेटाडेटा पुसायचा म्हटलं की बऱ्याच जणांना ते एका आज्ञेचं काम वाटतं. तसं ते नाही, कारण एकाच फाइलमध्ये नोंदी अनेक जागी असतात. वृत्तसंस्थांनी १९९१मध्ये ठरवलेल्या आयपीटीसी नोंदींत शहराचं नाव असू शकतं. अडोबीने २००१मध्ये आणलेल्या एक्सएमपी या मेटाडेटाच्या पद्धतीत अक्षांश-रेखांशांची दुसरी प्रत असू शकते. एक्झिफच्या आणखी एका तक्त्यात फोटोची छोटी प्रतिमा, थंबनेल, ठेवलेली असते. एखाद्या सॉफ्टवेअरने चित्र कापलं पण थंबनेल ताजी केली नाही, तर कापून टाकलेला भाग तिच्यात शाबूत राहतो. उत्पादकांच्या खासगी नोंदींचा मेकरनोट नावाचा गठ्ठा वेगळाच. त्याची रचना कंपन्या सहसा जाहीर करत नाहीत आणि त्यातलं जे वाचता येतं ते बरंचसं स्वयंसेवकांनी उलगडलेलं आहे. काही फोन तर जेपेगच्या शेपटीला छोटा व्हिडिओही जोडतात.

उलट गफलतही होते. पिलोने जेपेग उघडून पुन्हा जेपेग म्हणून साठवली, आणि एक्झिफ सोबत ठेव असं स्पष्ट सांगितलं नाही, तर ते गळून पडतं. खासगीपणासाठी हे बरं. पण ओरिएंटेशनची ती ६ची नोंदही जाते आणि उभा फोटो आडवा पडतो. आधी पिलोच्या एक्झिफ-ट्रान्सपोज या फंक्शनने पिक्सेल खरोखर फिरवून घ्यावेत, मगच साठवावं.

या नोंदी बदलणंही सोपं आहे. ज्या लायब्ररीने तारीख वाचता येते, तशाच लायब्ररीने ती लिहिताही येते, आणि बदलल्याचा कुठलाही मागमूस एक्झिफ स्वतः ठेवत नाही. त्यामुळे नुसत्या एक्झिफवर एखाद्या फोटोला खरा ठरवणं मला पटत नाही. सावलीची दिशा, हवामानाच्या नोंदी, त्याच जागेचे इतर फोटो यांच्याशी ते जुळतं का हे पाहायलाच हवं. २०२१मध्ये स्थापन झालेली सीटूपीए ही आघाडी फोटोला डिजिटल सही जोडण्याचं मानक घडवते आहे, ते याच उणिवेपोटी.

अनोळखी लोकांकडून फोटो स्वीकारणाऱ्या सर्व्हरवर वाचनही जपून करावं लागतं. फाइलमधला प्रत्येक पत्ता आणि प्रत्येक लांबी पाठवणाऱ्याने हवी तशी लिहिलेली असू शकते. २०२१मध्ये एक्झिफटूलच्या डेजाव्हू (स्कॅन केलेल्या कागदपत्रांसाठीचा एक प्रकार) फाइल वाचणाऱ्या भागात अशी त्रुटी सापडली, की खास बनवलेली फाइल वाचायला दिली तर तिच्यातल्या आज्ञाच सर्व्हरवर चालत. १२.२४ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. लायब्ररी अद्ययावत ठेवावी, वाचनाचं काम मुख्य प्रोग्रामपासून वेगळं, कमी अधिकारांत चालवावं, आणि लागतील तेवढेच टॅग पुढे न्यावेत. मेटाडेटा पुसलेली फाइल बाहेर जाण्याआधी ज्या लायब्ररीने तो पुसला तिनेच ती तपासू नये. तिला जी जागा माहीतच नाही, तिथे ती पुन्हाही बघणार नाही.