पाण्याची जागा घेणाऱ्या दोन फळ्या

मे महिना सरत आला की कोकणातल्या बंदरांवर आणि खाड्यांच्या काठांवर होड्या वर काढण्याची घाई सुरू होते. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, समुद्रही खवळलेला असतो, आणि म्हणून त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवाव्या लागतात. मोठ्या नौका बंदराजवळच राहतात. पण बारा ते सोळा फुटांच्या फायबरच्या लहान होड्या आता पुष्कळदा ट्रेलरवर, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ट्रॉलीवर, चढवून थेट घराच्या परड्यात आणल्या जातात. तिथे माडांच्या सावलीत होडी दोन-अडीच महिने ट्रॉलीवरच्या ज्या दोन लांब फळ्यांवर बसून काढते, त्या फळ्या बरोबर जागी आहेत की नाहीत हे मात्र क्वचितच तपासले जाते. होडीची घडण समुद्रात बिघडते असा आपला समज असतो. माझ्या पाहण्यातल्या ज्या फायबर होड्यांचे तळ वाकडे झाले, त्यांतल्या बहुतेक जमिनीवर असताना वाकड्या झाल्या होत्या.

याचे कारण समजण्यासाठी होडी पाण्यावर कशी तोलली जाते ते आधी पाहावे लागेल. इंजिनासह 400 किलो वजनाची होडी घेऊ. समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला सुमारे 1025 किलो असते, त्यामुळे ही होडी साधारण 390 लिटर पाणी बाजूला सारून तरंगते. तिचा पाण्याला टेकलेला तळ चार मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास, हिशेबापुरता 1.2 मीटर, रुंद धरला, तर तळाच्या दर चौरस सेंटीमीटरवर सरासरी जेमतेम 8 ग्रॅम भार येतो. शिवाय पाणी हा आधार स्वतःच वाटून देते: तळाचा आकार कसाही असो, पाणी त्याला सगळीकडून बिलगते. आता तीच होडी प्रत्येकी 2.4 मीटर लांब आणि 10 सेंटीमीटर रुंद अशा दोन फळ्यांवर ठेवली आणि फळ्या पूर्ण लांबीभर तळाला टेकल्या, तर तोच भार दर चौरस सेंटीमीटरला 83 ग्रॅम होतो, म्हणजे दहापट. चांगला तळ हे सहज सहन करतो. पण फळ्या नीट टेकल्या नसतील आणि होडी प्रत्यक्षात फळ्यांच्या चार टोकांवर, दर टोकाला तळहाताएवढ्या जागेवर बसली असेल, तर त्या जागांवर दर चौरस सेंटीमीटरला पुरा एक किलो भार येतो. पाण्यावरच्या भाराच्या हा 120 पट झाला. बाहेरून पाहताना दोन्ही होड्या सारख्याच दिसतात.

जुन्या लाकडी होडीला हा प्रश्न एवढा जाचत नसे. तिला खालून जाड कणा असे, वजन त्या कण्यावर येई आणि दोन्ही बाजूंचे टेकू तिला फक्त कलू देत नसत. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी ओंडक्यांवरून ओढून वाळूत बसवली की कोरडी वाळू तिच्या आकाराप्रमाणे सरकून खाली भरून येते. आधार वाटून देण्यात पाण्याच्या खालोखाल वाळूच. फायबरच्या होडीचा तळ मात्र काही मिलिमीटर जाडीचा पातळ पत्रा असतो आणि त्याला ताठपणा येतो तो आतून लांबीच्या दिशेने बसवलेल्या तुळयांमुळे. तुळईच्या नेमके खाली दिलेला आधार भार पेलतो. दोन तुळयांच्या मधोमध दिलेला आधार तळ आत दाबतो. त्यातच काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या मिश्र पदार्थाचा एक गुण असा की तोच भार दीर्घकाळ राहिला तर त्याचा वाक हळूहळू वाढत जातो, आणि ऊन जितके अधिक तितका अधिक वाढतो. मेच्या उन्हात तापलेल्या ताडपत्रीखाली ठेवलेल्या होडीला या दोन्ही गोष्टी एकत्र भोगाव्या लागतात. तासाभरासाठी आलेला वाक भार काढताच जातो. दोन महिन्यांचा वाक पूर्णपणे जाईलच असे नाही.

हा वाक सर्वांत महाग पडतो तो होडीच्या पिछाडीला. आउटबोर्ड इंजिन मागच्या उभ्या फळ्यावर टांगलेले असते आणि लहान होडीच्या मानाने ते बरेच जड असते. ट्रेलरच्या आधारफळ्या पिछाडीच्या वीतभर आधीच संपत असतील, तर तेवढा भाग इंजिनाच्या वजनासह हवेत लोंबकळतो, फळीचे टोक तळात रुतते आणि त्या जागी तळाला आतल्या बाजूने उथळ खळगा पडतो. पाण्यात वेगाने जाताना तळाखालून मागे निसटणारे पाणी सरळ जाण्याऐवजी या खळग्याच्या मागच्या काठावर आदळून खाली वळते, त्याची प्रतिक्रिया पिछाडीला वर उचलते आणि नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, खाली दबते. होडी जड चालते, तेल जास्त खाते आणि मालक इंजिनात दोष शोधत राहतो. म्हणून पहिला नियम असा की आधारफळ्या पिछाडीच्या उभ्या फळ्याच्या थेट खालपर्यंत आल्या पाहिजेत, दोन-तीन सेंटीमीटर बाहेर आल्या तरी चालतील, पण आत राहता कामा नयेत.

फळ्या किती अंतरावर असाव्यात हे होडीला विचारावे, ट्रेलरला नाही. होडीच्या आतून तुळया दिसत असतील तर मध्यरेषेपासून त्यांचे अंतर मोजावे; फरशीखाली झाकल्या असतील तर बाहेरून बोटाच्या पेराने ठोकत जावे, तुळईवर आवाज बद्द येतो आणि मधल्या पत्र्यावर पोकळ येतो. अंतर ठरले की उंचीचा हिशेब येतो. व्ही आकाराच्या तळाचा उतार 12 अंशांचा असेल आणि फळी मध्यरेषेपासून 45 सेंटीमीटरवर असेल, तर त्या जागी तळ मध्यरेषेपेक्षा सुमारे साडेनऊ सेंटीमीटर उंच असतो. फळीचा माथाही तेवढाच उंच हवा आणि त्याच 12 अंशांनी आत झुकलेला हवा, नाहीतर दहा सेंटीमीटर रुंदीची फळी एका धारेवर टेकते आणि रुंदीचा सगळा फायदा वाया जातो. बहुतेक तळांचा हा उतार पुढे नाळेकडे वाढत जातो, त्यामुळे फळीला खालून धरणारे पुढचे ब्रॅकेट मागच्यापेक्षा अधिक झुकलेले असावे लागतात. मधल्या खिळीवर मोकळेपणाने कलणारे ब्रॅकेट मिळाले तर ही अडचण आपोआप सुटते. आपल्याकडे गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात चॅनेल आणि अँगल जोडून बनवलेल्या ट्रॉल्यांवर मात्र ब्रॅकेट कायमचे जोडून टाकलेले असतात, आणि मग पुढे कोणतीही होडी आली तरी तिने त्या कोनाशी जुळवून घ्यावे असे होऊन बसते. नवी ट्रॉली करून घेताना ब्रॅकेट वेल्ड न करता यू-बोल्टने बसवण्याचा आग्रह धरावा, असे मी आवर्जून सांगेन. त्याचा जास्तीचा खर्च किरकोळ असतो.

फळी आडवी ठेवावी की उभी, यावरही मतभेद होतात. पाच सेंटीमीटर जाड आणि दहा सेंटीमीटर रुंद लाकूड उभे ठेवले तर आडव्यापेक्षा चौपट ताठ होते, कारण ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे आणि रुंदीच्या फक्त साध्या प्रमाणात वाढतो. पण उभी फळी तळाला निम्म्याच रुंदीने टेकते. ताठपणा दुसऱ्या मार्गानेही मिळवता येतो: दोन आधारांमधले अंतर निम्मे केले की मधोमध दिलेल्या त्याच भाराखालचा वाक एक अष्टमांश होतो. म्हणून आडवी फळी आणि तिच्याखाली दोनऐवजी तीन ब्रॅकेट, ही रचना मला लहान होडीसाठी अधिक योग्य वाटते.

मात्र तिसरे ब्रॅकेट आले की आणखी एक गुंतागुंत सुरू होते. तिपाई ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाही आणि चार पायांचे स्टूल डगमगते, हे आपण घरात रोज पाहतो. आधार मोजकेच असतील तर प्रत्येकावर किती भार येणार हे वजनाच्या जागेवरून ठरते. आधार त्याहून जास्त झाले की ते कोण किती उंच आहे यावर ठरते. मधले ब्रॅकेट चार-पाच मिलिमीटर जरी उंच राहिले तरी फळीवरचा बहुतेक भार एकटे तेच घेते आणि टोकाची दोन शोभेपुरती उरतात. नाळेकडच्या मधल्या रबरी रोलरचेही असेच आहे. तो कण्याच्या रेषेला नुसता टेकलेला असावा, होडी उचलणारा नसावा.

यासाठी जुळणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून चाकांना दगड लावावेत, होडीचा भार जॅकवर नव्हे तर जाड लाकडी ठोकळ्यांवर घ्यावा, कारण नुसत्या जॅकवर तोललेल्या होडीखाली डोके घालणे जिवावर बेतू शकते. मग सर्व ब्रॅकेटचे नट सैल करावेत, आधी पिछाडीचे दोन ब्रॅकेट मोजलेल्या उंचीवर पक्के करावेत, नंतर पुढचे, आणि मधले शेवटी, फळीला खालून टेकेपर्यंतच वर आणून. उजवी-डावी बाजू सारखी आहे का हे पाहण्यासाठी गवंड्याची दोरी आणि लेव्हल पुरते. खरी परीक्षा खडूची. फळ्यांच्या माथ्यावर ओल्या खडूचा जाड थर द्यावा, होडी सावकाश टेकवावी, पुन्हा उचलावी आणि तळावर उमटलेला ठसा पाहावा. ठसा सलग पट्ट्यासारखा असेल तर काम झाले. ठिपके किंवा एकाच धारेची रेघ असेल तर पुन्हा पाना हातात घ्यावा. पहिल्या प्रयत्नात सलग ठसा उमटलेला मी अजून पाहिलेला नाही, आणि तिसऱ्या प्रयत्नापर्यंत धीर ठेवावा लागतो.

फळ्या सरकवल्या की होडीची जागा बदलते आणि तिच्याबरोबर ट्रेलरचा तोलही. गाडीच्या हुकावर एकूण वजनाच्या साधारण पाच ते दहा टक्के भार यावा असा प्रघात आहे; 400 किलोची होडी आणि 200 किलोचा ट्रेलर मिळून तो 30 ते 60 किलो होतो. हा भार फार कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागतो, आणि ठरावीक वेगानंतर हे हेलकावे आपोआप वाढतच जातात. घाटात उतरताना याची कल्पनाही करवत नाही. हुकापासून चाकांच्या आसापर्यंतचे अंतर चार मीटर असेल, तर होडी पुढे 10 सेंटीमीटर सरकवल्याने हुकावरचा भार 10 किलोने वाढतो. तराजूच्या दांडीचाच हा नियम आहे, आणि घरातला माणसांच्या वजनाचा काटा ठोकळ्यावर ठेवून, ट्रेलर जमिनीशी समांतर धरून, तो मोजताही येतो. पण तोल साधण्यासाठी होडी पुढे ओढली की पिछाडी फळ्यांच्या टोकावरून निसटते असे नाही, उलट फळ्या मागे उघड्या पडतात. आणि मागे ढकलली की पिछाडी लोंबकळते. अशा वेळी पिछाडीचा आधार सोडून तोल साधू नये. होडी फळ्यांवर बरोबर बसवावी आणि सरकवायचेच असेल तर आस सरकवावा.

रस्त्यावर आणखी एक गोष्ट घडते. एखादा भार उंचीवरून न टाकता नुसता एकदम सोडला, तरी तो हळूहळू ठेवलेल्या भाराच्या दुप्पट वाक आणतो. खड्ड्यातून उसळलेली होडी तर वरून खालीच पडत असते. म्हणून नाळेची दोरी कितीही घट्ट असली तरी पिछाडीला दोन्ही बाजूंनी पट्टे आवळलेले हवेतच, म्हणजे होडी आणि फळी एकत्र उसळतील, एकमेकींवर आदळणार नाहीत.

फळ्यांऐवजी सगळीकडे रोलर लावले तर होडी उतरवणे सोपे जाते, आणि ओहोटीला धक्क्याचा उतार अपुरा पडतो तिथे हे सोयीचे वाटते. पण रोलर हे सगळे ठिपक्यांचे आधार आहेत. रोज चढ-उतार करणाऱ्या होडीला ते ठीक. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या होडीला फळ्याच हव्यात.

आणि पावसाळा हा कोकणातला आहे, हे विसरून चालत नाही. वर हिशेबासाठी घेतलेल्या होडीत चार मीटर बाय 1.2 मीटर जागेवर 10 सेंटीमीटर पाणी साठले तर ते 480 लिटर होते, म्हणजे होडीच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. दिवसाला 20 सेंटीमीटर पाऊस आपल्याकडे नवलाचा नाही. ताडपत्री मध्ये खचली, पिछाडीचे बूच काढायचे राहिले किंवा काढलेल्या भोकात माडाची पाती अडकली, तर एका रात्रीत फळ्यांवरचा भार दुप्पट होतो आणि खडूचा ठसा कितीही सुरेख उमटलेला असला तरी उपयोग होत नाही. म्हणून ट्रेलरचे तोंड वीतभर उंच करून ठेवावे, बूच काढावे आणि मोठ्या पावसानंतर भोकात बोट घालून पाहावे.

फळ्यांवर बसवलेले कार्पेट होडीला मऊ वाटावे म्हणून असते, पण त्यात वाळू अडकली की ते काचकागदाचे काम करते, आणि तळावरचा रंगीत गुळगुळीत थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. शाकारण्याआधी कार्पेट फळ्यांवरून सोडवून गोड्या पाण्याने धुवावे आणि होडी चढवण्यापूर्वी सुकू द्यावे. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि नव्या फळीचे तंतू भाराखाली थोडे दबतातही; त्यामुळे जूनमध्ये घट्ट आवळलेले नट ऑगस्टमध्ये हाताने फिरावेत इतके सैल झालेले सापडतात. होडी पाण्यात नेण्याच्या आदल्या दिवशी ते एकदा आवळावेत, आणि पहिल्या फेरीनंतर, होडी पाण्यात असताना रिकाम्या ट्रेलरवर, पुन्हा एकदा.