टाकी न लागलेले दगड

पेरूमधल्या ओयांतायतांबोच्या पायऱ्या चढताना चांगलीच धाप लागते. वर सूर्यमंदिराच्या सहा शिळा ओळीने उभ्या आहेत. ऱ्हायोलाइट नावाच्या गुलाबी ज्वालामुखी खडकाच्या, दोन पुरुष उंच. शेजारच्या घोळक्याला वाटाड्या सांगत होता, की इंका लोक कसल्याशा वनस्पतीचा रस चोळून दगड मऊ करायचे. लोक माना डोलावत होते. आपल्याकडची लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणतात, तसंच हे. घाम गाळणाऱ्याचं श्रेय दुसऱ्याच कुणाच्या पदरात!

इंकांच्या बांधकामाचा कुठलाही घडीव दगड जवळून पाहा. नुकताच टाकी लावून आणलेला पाटा दिसतो तसे त्यावर खळगे असतात, मध्ये मोठे आणि सांध्याकडे बारीक होत गेलेले. पण इंकांकडे लोखंड नव्हतं, मग टाकी कुठली?

1980च्या दशकात वास्तुशास्त्राचे प्राध्यापक जाँ-पियेर प्रोत्झेन यांनी इंकांच्या दगडखाणींत सापडणारे क्वार्टझाइट या कठीण खडकाचे गोटे स्वतः वापरून पाहिले. सुमारे 4 किलोचा गोटा दोन्ही हातांत धरायचा आणि दगडावर पडू द्यायचा. तो उसळतो, की झेलायचा आणि पुन्हा सोडायचा. बरंचसं काम गुरुत्वाकर्षणच करतं. खुबी आहे ती शेवटच्या क्षणी मनगट वळवण्यात. गोटा सरळ आदळला, तर सगळं बल दगडाला दाबतं आणि दाब दगड उत्तम सोसतो. जेमतेम पूड निघते. तिरका आदळला, की बलाचा एक घटक पृष्ठभागाला समांतर जातो. लंबाशी 20 अंशांचा कोन असेल तर हा घटक एकूण बलाच्या 34 टक्के, 45 अंशांवर 71 टक्के. हे कर्तन बल दगडाला दाबाइतकं सोसत नाही, कपचा उडतो. कडेला मात्र दगडाला बाजूचा आधार नसतो, मोठ्या घावाने कोपराच जायचा. म्हणून तिथे लहान गोटे, आणि म्हणून सांध्याजवळचे खळगे बारीक!

सांधा जुळवायची इंकांची रीत तर मला फारच आवडली. ठेचताना निघालेली पूड खालच्या दगडावर तशीच ठेवून तिच्यावर वरचा दगड टेकवायचा आणि उचलायचा. पूड जिथे दबून घट्ट झाली, तिथे दगड टेकतोय. तेवढंच ठेचायचं, पुन्हा टेकवायचा.

मंदिर अर्धवटच राहिलं. खाण उरुबांबा नदीपलीकडच्या डोंगरात आहे, आणि तिथून निघालेल्या काही शिळा अजून वाटेतच पडल्या आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात.