पुस्तकावरील खुणा (खानदेश)

वाचता वाचता ओळीखाली रेघ ओढणे, समासात शेरा लिहिणे, पान दुमडणे किंवा पानांत काही घालून ठेवणे या वाचकाच्या खासगी सवयी. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत पसरलेल्या खानदेशात, इतरत्र असतो तसाच, पहिला प्रश्न असतो तो पुस्तक कोणाचे हा.

पोथीवर कोणी पेन चालवत नाही. पारायण जिथे थांबले तिथे मोरपीस किंवा दोरा ठेवतात. पूजेत पडलेले हळदकुंकवाचे बोट हीच काय ती वाचकाची खूण. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरात शाईची रेघ उद्धटपणाची वाटणे साहजिक आहे.

मात्र पोथी लिहिणारे इतके सोवळे नव्हते. धुळ्यात श्री समर्थ वाग्देवता मंदिर ही संस्था आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ यांनी जुनी हस्तलिखिते सांभाळली आहेत. हस्तलिखितांच्या या परंपरेत गळलेल्या अक्षराच्या जागी काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण करत आणि ते अक्षर समासात लिहीत. ते कितव्या ओळीतले, याचा आकडाही शेजारी टाकत. चुकलेल्या मजकुरावर हरताळ हे पिवळे, विषारी खनिज फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. तेव्हाचा पिवळा रंग नको ते झाकायचा, आजचा हायलायटर हवे ते पिवळे करतो. वाक्प्रचाराने मात्र बाजू बदललेली नाही.

वाचनालयाच्या प्रतीवर खुणा करू नयेत, हा नियम छापलेला असतो आणि मोडलेलाही. कादंबरीच्या समासात एकाने लिहिलेल्या ‘सुंदर!’ला दुसऱ्याने ‘काय सुंदर?’ असे उत्तर दिलेले सापडते. हे वाचायला मजा येते, पण रहस्यकथेच्या दहाव्या पानावर खुन्याच्या नावाभोवती गोल करणाऱ्याला क्षमा नाही.

सर्वाधिक खुणा असतात त्या जुन्या बाजारातल्या क्रमिक पुस्तकांत आणि गाइडांत. चांदणी म्हणजे नक्की येणारा प्रश्न. ‘आयएमपी’ म्हणजे सरांनी सांगितलेला. कंसातले साल म्हणजे त्या वर्षी विचारलेला. असे पुस्तक अर्ध्या किमतीत मिळते आणि आधीच्या मालकाची मेहनत फुकट. तो नापास झाला होता की काय, हे मात्र खुणांवरून कळत नाही.

स्वतःच्या प्रतीवर बहुतेक जण पेन्सिल वापरतात, कारण मत बदलते. रेघेपेक्षा शेरा उपयोगी: नुसती रेघ काही वर्षांनी मुकी होते, आपण ती का ओढली तेच आठवत नाही. अहिराणी बोलणाऱ्या घरात प्रमाण मराठी ग्रंथाच्या कडेला ‘खरं शे’ (खरे आहे) असे उमटू शकते. छापील मजकुराला घरच्या बोलीत उत्तर द्यायला समासाइतकी मोकळी जागा दुसरी नाही.