सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन आणि क्लाउड पायाभूत यंत्रणा (व्यवसाय)

सर्व्हर, त्यांना जोडणारे नेटवर्क, डेटाची साठवण आणि वापरकर्त्यांची खाती उभी करणे, चालती ठेवणे आणि बिघडली की पूर्ववत करणे हा या व्यवसायाचा गाभा होय. हे काम करणाऱ्याला पूर्वी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, बोलण्यात सिसॲडमिन, म्हणत. आता क्लाउड इंजिनिअर, डेव्हऑप्स इंजिनिअर, प्लॅटफॉर्म इंजिनिअर, साइट रिलायबिलिटी इंजिनिअर अशी पदनामे रूढ आहेत. पदनामांत फरक असला तरी रोजचे काम बरेचसे एकच असते: चालत्या यंत्रणेत बदल करायचा आणि तो फसला तर मागे फिरण्याची वाट आधीच तयार ठेवायची. बाहेरून हे काम सर्व्हरवर पहारा देण्याचे वाटते. पण हात न लावलेला सर्व्हर बहुधा चालतच राहतो. मोठे बिघाड बहुतेक वेळा नवी आवृत्ती, बदललेली कॉन्फिगरेशन फाइल किंवा चुकीच्या ठिकाणी दिलेली कमांड यांतून उद्भवतात.

पार्श्वभूमी

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधन संस्थेत आकाराला येऊ लागली, तिच्या धर्तीवरच्या लिनक्सचा कर्नल (गाभा) १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रसिद्ध केला आणि आजचे बहुसंख्य क्लाउड सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर, लिनक्सवरच चालतात. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री ही साठवण सेवा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी-टू ही भाड्याच्या आभासी सर्व्हरची सेवा चाचणी स्वरूपात सुरू केली. मायक्रोसॉफ्टची अझूर २०१० मध्ये व्यावसायिक वापरासाठी खुली झाली. यंत्र मागवून ते रॅकमध्ये बसेपर्यंत लागणारे आठवडे त्यामुळे मिनिटांवर आले. कामाचा भार मात्र घटला नाही. तो पेचकस आणि केबलींकडून कोडकडे सरकला. डॉकर (प्रोग्राम त्याच्या गरजांसह कंटेनर नावाच्या बंद पाकिटात चालवणारे साधन) २०१३ मध्ये आणि कुबरनेटीस (असे अनेक कंटेनर अनेक सर्व्हरवर सांभाळणारे साधन) २०१४ मध्ये जाहीर झाल्यावर या कोडचा पसारा आणखी वाढला. ‘डेव्हऑप्स’ (सॉफ्टवेअर बनवणे आणि चालवणे यांची सांगड) हे नाव २००९ मध्ये पॅट्रिक डेबॉइस यांनी बेल्जियममधील गेंट येथे भरवलेल्या परिषदेपासून रुळले.

रोजचे बिघाड

नवख्याची खरी परीक्षा डिस्क भरल्यावर होते. डेटाबेस लिहिणे थांबवतो, वापरकर्त्यांना त्रुटीचे संदेश दिसतात, कधी लॉगिनही होत नाही. ‘डीएफ’ या कमांडने कोणते विभाजन भरले ते कळते आणि ‘डीयू’ने कोणत्या फोल्डरने जागा खाल्ली ते. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत, म्हणजे डीएफ १०० टक्के दाखवते पण डीयूची बेरीज त्याच्या निम्मीच येते, तर बहुधा कोणीतरी चालू प्रोसेसची (चालत्या प्रोग्रामची) लॉग फाइल, म्हणजे तिच्या नोंदींची फाइल, पुसलेली असते. फाइलचे नाव गेले तरी प्रोसेसने ती उघडी धरली आहे तोवर जागा मोकळी होत नाही. ‘एलएसओएफ’ने अशा पुसलेल्या पण उघड्या फाइली सापडतात, ती प्रोसेस पुन्हा सुरू केली की जागा परत मिळते. म्हणून फुगलेला लॉग पुसू नये, त्याची लांबी शून्यावर आणावी.

जागा शिल्लक दिसत असूनही ‘जागा नाही’ असा संदेश येत असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले आहेत का ते पाहावे. कॅश किंवा सेशनच्या लाखो चिमुकल्या फाइलींमुळे असे होते, आणि लिनक्सच्या ईएक्सटी-४ या फाइल प्रणालीत आयनोडची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरत असल्याने फाइली हटवण्यावाचून तातडीचा इलाज नसतो. याच फाइल प्रणालीत ५ टक्के जागा मुळातच सर्वाधिकार असलेल्या रूट खात्यासाठी राखीव असते. त्यामुळे सामान्य खात्याखाली चालणारा प्रोग्राम अडतो, पण रूटला मात्र लिहिता येते आणि तपासणाऱ्याचा गोंधळ उडतो. ८० टक्क्यांवर इशारा लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यापेक्षा ‘सध्याच्या वेगाने किती तासांत भरेल’ यावर लावलेला इशारा जास्त कामाचा.

मेमरीच्या बाबतीत ‘मोकळी’ हा रकाना फसवा असतो. लिनक्स रिकामी मेमरी डिस्कच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडली की परत देते. म्हणून ‘उपलब्ध’ हा रकाना वाचावा. मेमरी खरोखर संपली तर कर्नल एखादी प्रोसेस ठार करतो. कंटेनर १३७ या कोडने बंद पडला असेल तर १२८ अधिक ९ असा हिशेब आहे: त्याला ९ क्रमांकाचा सिग्नल, म्हणजे सक्तीने मारण्याचा, मिळाला. बहुतेकदा कारण मेमरीची ठरवलेली मर्यादा ओलांडणे हेच असते. कुबरनेटीस असा कंटेनर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहते; दर खेपेला प्रतीक्षा १०, २०, ४० सेकंद अशी दुप्पट होत ५ मिनिटांवर थांबते. मर्यादा नुसती वाढवत गेल्याने मेमरीची गळती लपते, बरी होत नाही.

नेटवर्क, डीएनएस आणि प्रमाणपत्रे

क्लाउडमधील खासगी नेटवर्क आखताना (आयपी) पत्त्यांचा पट्टा पहिल्याच दिवशी विचारपूर्वक घ्यावा लागतो. ‘/२४’ या पट्ट्यात २५६ पत्ते येतात. एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) प्रत्येक सबनेटमधील (नेटवर्कच्या उपविभागातील) ५ पत्ते स्वतःकडे ठेवते, म्हणून हाती २५१ राहतात. कुबरनेटीसमध्ये प्रत्येक पॉडला (एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या लहान गटाला) स्वतंत्र पत्ता देणारी रचना असेल तर ते बघता बघता संपतात. त्याहून महागात पडते ते दोन नेटवर्कांना एकच पट्टा देणे. १०.०.०.० पासून सुरू होणारा पट्टा सगळेच घेतात, आणि पुढे दोन विभाग किंवा दोन कंपन्या जोडायची वेळ आली की एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांमुळे थेट जोडणी होत नाही. नंतर पत्ते बदलणे म्हणजे जवळजवळ सगळे नव्याने उभारणे.

सेवा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी व्यवस्था) नोंदीचा टीटीएल (उत्तर किती काळ जपून ठेवायचे तो अवधी) आधी कमी करतात. तो ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस, असेल तर ३०० सेकंदांवर आणण्याचा बदल हलवण्याच्या किमान एक दिवस आधी करावा. जुना काळ संपेपर्यंत जगभरचे रिझॉल्व्हर (नावांचे पत्ते शोधून देणारे सर्व्हर) जुनेच उत्तर जपून असतात. हलवण्याच्या क्षणी टीटीएल कमी करून काही साधत नाही.

साइटची ओळख पटवणाऱ्या आणि सुरक्षित जोडणीला लागणाऱ्या टीएलएस प्रमाणपत्राची मुदत उलटणे हा सर्वांत टाळण्याजोगा आणि तरीही नेहमी घडणारा बिघाड. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची प्रमाणपत्रे ९० दिवसांची असतात, आणि २०२५ मध्ये प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सीए/ब्राउझर फोरमने घेतलेल्या निर्णयानुसार सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. म्हणजे नूतनीकरण हाताने करण्याचे दिवस संपले. स्वयंचलित व्यवस्थेतही एक खाच आहे. नवी फाइल डिस्कवर येते, पण वेब सर्व्हर रीलोड न झाल्याने मेमरीतले जुनेच प्रमाणपत्र देत राहतो. तपासणी फाइलची नव्हे, बाहेरून ४४३ या सुरक्षित वेब जोडणीच्या पोर्टला जोडून मिळणाऱ्या प्रमाणपत्राची करावी.

कोडमधून पायाभूत यंत्रणा

टेराफॉर्म, म्हणजे यंत्रणेचे वर्णन कोडमध्ये वाचून ती उभारणारे साधन, २०१४ मध्ये आले. २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलल्यावर ओपनटोफू ही मुक्त शाखा निघाली. दोन्हींत कामाचा क्रम एकच: हवी ती यंत्रणा फाइलीत लिहायची, ‘प्लॅन’ने काय बदलेल ते पाहायचे, दुसऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घ्यायचे आणि मग ‘अप्लाय’ करायचे. प्लॅनच्या शेवटच्या ओळीत किती गोष्टी नव्या होतील, किती बदलतील आणि किती नष्ट होतील ते येते. नष्टचा आकडा शून्य नसेल तर कारण समजेपर्यंत पुढे जाऊ नये. कोडमध्ये संसाधनाचे नुसते नाव बदलले तरी साधन ते पाडून नव्याने बांधायला निघते. डेटाबेसच्या बाबतीत याचा अर्थ डेटा गेला. यादीतील क्रमांकावरून बांधलेल्या संसाधनांतली पहिली नोंद काढली तर पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात आणि ती विनाकारण बदलण्याच्या किंवा पाडण्याच्या यादीत येतात. म्हणून क्रमांकाऐवजी नावाने बांधणी करतात, आणि डेटाबेसवर नष्ट न करण्याचे कुलूप लावतात.

स्टेट फाइल, म्हणजे काय काय उभारले त्याची साधनाने ठेवलेली नोंद, हा या साधनाचा नाजूक भाग आहे. तीत पासवर्ड उघड्या अक्षरांत असू शकतात, त्यामुळे ती कोडच्या भांडारात ठेवणे म्हणजे चाव्या दाराला अडकवून जाणे. ती लॉकची (एका वेळी एकालाच बदल करू देण्याची) सोय असलेल्या दूरस्थ साठवणीत ठेवावी, नाहीतर दोघांनी एकाच वेळी अप्लाय केल्यावर तिचा आणि प्रत्यक्षाचा मेळ तुटतो. वेब कन्सोलवर घाईत केलेला बदलही हेच करतो, आणि पुढचा अप्लाय तो निमूटपणे पुसतो.

बॅकअप

सर्वमान्य नियम ३-२-१ असा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. रेप्लिका (मुख्य डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) हा बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली सारणी काही क्षणांत रेप्लिकावरूनही पुसली जाते. किती वेळाचा डेटा गेलेला चालेल याला आरपीओ आणि सेवा किती वेळात उभी राहिली पाहिजे याला आरटीओ म्हणतात. हे दोन आकडे धंद्याने ठरवायचे असतात, ॲडमिनने अंदाजाने नव्हे.

३१ जानेवारी २०१७ रोजी कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये एका अभियंत्याने दुय्यम समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार बॅकअपचे अनेक मार्ग कागदावर होते, पण डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणारे साधन वापरल्याने रोजचा डंप (डेटाची फाइलीत उतरवलेली प्रत) अयशस्वी होत होता, आणि ते कळवणारे ईमेल नाकारले जात होते. सुमारे ६ तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) कामी आला. बॅकअप झाल्याचा संदेश पुरेसा नसतो. ठरावीक काळाने रिकाम्या सर्व्हरवर तो उतरवून ओळी मोजून पाहाव्या लागतात. मोजलेला वेळ हाच खरा आरटीओ.

पाळी, सुरक्षा आणि बिल

९९.९ टक्के उपलब्धतेचे वचन म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा, ९९.९९ टक्क्यांना ती ४ मिनिटे १९ सेकंदांवर येते. एवढ्यात झोपेतला माणूस उठून लॅपटॉपही उघडत नाही, तेव्हा दुसरे वचन देणाऱ्याला माणसाविना सावरणारी यंत्रणाच बांधावी लागते. ऑन-कॉलची (बिघाड झाला की धावून जाण्याची) पाळी बहुधा आठवड्याची असते, मागे एक राखीव माणूस असतो. ज्यावर लगेच काही करायचे नाही असा इशारा रात्री वाजू नये. वाजत राहिला तर लोक सगळेच इशारे न वाचता बंद करू लागतात. गूगलने आपल्या रिलायबिलिटी अभियंत्यांसाठी हातकाम (हाताने पुन्हा पुन्हा करायची कामे) निम्म्या वेळापुरते मर्यादित ठेवण्याचे धोरण जाहीर केले होते. अनेक संस्था हा दाखला देतात, पाळतात थोड्या.

४ ऑक्टोबर २०२१ च्या फेसबुकच्या सुमारे ६ तासांच्या बंदमध्ये देखभालीच्या एका कमांडने कंपनीचे कणा-नेटवर्क तुटले आणि दुरुस्तीची आतली साधनेही त्यासोबत गेली. दुरुस्तीचा मार्ग दुरुस्त करायच्या वस्तूवरच अवलंबून नसावा, हे तपासणे आखणीच्या वेळीच करावे लागते.

सुरक्षेत पुरवठादार इमारत, यंत्रे आणि आभासीकरणाचा थर सांभाळतो. खाती, नियम आणि डेटा ग्राहकाकडे. २२ क्रमांकाचा, दूरून लॉगिन करण्याचा, पोर्ट सगळ्या जगाला खुला ठेवणे आणि क्लाउड खात्याची कायमची चावी कोडच्या सार्वजनिक भांडारात जाणे या दोन चुका सतत होतात. गळलेली चावी स्वयंचलित शोधकांच्या हाती पटकन पडते. अशा वेळी कोड पुसून भागत नाही, चावीच रद्द करावी लागते. बिल फुगवणाऱ्या गोष्टी कमी आकर्षक आहेत: बंद केलेल्या सर्व्हरच्या डिस्क, बाहेर जाणारी वाहतूक, नॅट गेटवे (खासगी नेटवर्कला इंटरनेटकडे वाट देणारा) आणि कोणी न वाचणारे लॉग. बजेटचा इशारा फक्त कळवतो, खर्च थांबवत नाही.

प्रवेश आणि वाटचाल

प्रवेश बहुधा मदत कक्षातून, नेटवर्क देखरेख केंद्रातून किंवा प्रोग्रामिंगकडून होतो. आधी लिनक्स, नेटवर्क आणि एक स्क्रिप्टिंग भाषा, मग एकच क्लाउड, मग कंटेनर हा क्रम वेळ वाचवतो. थेट कुबरनेटीसपासून सुरुवात केलेल्याला डीएनएसचा बिघाडही कुबरनेटीसचाच वाटतो. प्रमाणपत्रांत आरएचसीएसए (रेड हॅट कंपनीची, लिनक्सची) आणि सीकेए (कुबरनेटीसची) या प्रत्यक्ष यंत्रावर काम करून दाखवण्याच्या परीक्षा आहेत. सीकेए २ तासांची असते. एडब्ल्यूएसची असोसिएट पातळीवरील आर्किटेक्ट परीक्षा १३० मिनिटांत ६५ बहुपर्यायी प्रश्नांची असून प्रमाणपत्र ३ वर्षे टिकते. मुलाखतीपर्यंत पोहोचायला ही कागदपत्रे उपयोगी पडतात. मुलाखतीत मात्र ‘साइट मंद आहे, कुठून सुरुवात कराल’ असेच विचारतात.

अनुभवानंतर वाटा डेटाबेस, नेटवर्क, सुरक्षा, प्लॅटफॉर्म बांधणी किंवा व्यवस्थापनाकडे फुटतात. नोकरी बदलतानाचे एक काम हमखास राहते: वैयक्तिक खात्यावर लावलेली क्रॉन कामे (ठरल्या वेळी आपोआप चालणारी), टोकन आणि एपीआय चाव्या (प्रोग्रामना प्रवेश देणाऱ्या) शोधून सेवा खात्यांवर, म्हणजे कोणा माणसाच्या नावावर नसलेल्या खात्यांवर, हलवणे. ते राहिले की खाते बंद झालेल्या रात्री बॅकअपही बंद पडतो, आणि इशारा जातो तोही त्याच बंद खात्यावर.