चौथ्या सर्व्हरची राखीव जागा

नागपुरातील एखाद्या मध्यम आकाराच्या रुग्णालयाची कल्पना करावी. रुग्णनोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधांचा साठा आणि बिले ही सगळी कामे तेथे चार सर्व्हरच्या एका समूहावर, म्हणजे क्लस्टरवर चालतात. प्रत्येक सर्व्हरमध्ये २५६ जीबी रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी तात्पुरती स्मृती असून त्यांपैकी १९२ जीबी वापरात आहे. मार्चअखेरीस हिशेब पाहणारा अधिकारी विचारतो, की पाव भाग रिकामा असताना पाचव्या सर्व्हरची मागणी कशासाठी? प्रश्न रास्त आहे. परंतु तो पाव भाग आधीच कुणाच्या तरी नावावर लागलेला आहे.

एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक चालत असल्याचा आभास निर्माण करणे, ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी तशी प्रणाली बाजारात आणली होती. अशा आभासी संगणकाला व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि रुग्णालयाची ती सारी कामे अशाच मशीनमध्ये चालतात. त्याची डिस्क ही वस्तुतः एक फाईल असते आणि ती फाईल सर्व सर्व्हरना पोहोचता येईल अशा सामायिक साठवणीत ठेवलेली असल्यास, एक सर्व्हर बंद पडल्यावर दुसरा ती उचलून तेच मशीन पुन्हा सुरू करू शकतो. यालाच फेलओव्हर म्हणतात. येथे ‘पुन्हा सुरू’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण मशीन थांबले तेथून पुढे चालत नाही. ते नव्याने बूट होते आणि रॅममध्ये असलेले, पण डिस्कवर न लिहिलेले सर्व काही जाते.

आता बेरीज करू. चारपैकी एक सर्व्हर गेला, तर त्याच्यावरील १९२ जीबीचा भार उरलेल्या तिघांवर येतो आणि त्या तिघांकडे प्रत्येकी ६४ जीबी, म्हणजे एकूण १९२ जीबीच शिल्लक आहे. हिशेब काठोकाठ जुळतो. सर्व्हर दोनच असते, तर निम्मी जागा मोकळी ठेवावी लागली असती. दहा असते, तर दहावा भाग पुरला असता. सर्व्हर सारखे नसतील, तर मात्र सरासरी कामाची नाही. याच चौघांत ५१२ जीबीचा पाचवा सर्व्हर आणला, तर एकूण १,५३६ जीबीपैकी सर्वांत मोठा जाईल असे धरून ५१२ जीबी, म्हणजे एक तृतीयांश जागा राखावी लागते. पाच सर्व्हर म्हणून वीस टक्के राखणारा येथे हमखास फसतो.

शिवाय बेरीज जुळली म्हणजे जागा मिळाली, असे नाही. बंद पडलेल्या सर्व्हरवर ९६ जीबीची दोनच मशीन असतील, तर तिघांकडे मिळून १९२ जीबी असूनही त्यांपैकी एकही कुठे बसत नाही, कारण मशीनचे तुकडे करून ते दोन सर्व्हरवर वाटता येत नाही. बसमध्ये सुटी सहा आसने असतात, पण सहा जणांच्या कुटुंबाला एकत्र बसायचे असते, तसा हा प्रकार आहे. चालू असलेली लहान मशीन न थांबवता इकडून तिकडे सरकवून जागा करता येते. तथापि त्याला वेळ लागतो.

हा हिशेब ठेवण्यासाठी व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीएमवेअरसारख्या प्रणालींमध्ये प्रवेश-नियंत्रण असते. राखीव जागेला धक्का लागेल असे नवे मशीन ते सुरूच होऊ देत नाही. पण माझ्या मते सर्वांत मोठी फसगत येथेच आहे. हे नियंत्रण सामान्यतः प्रत्यक्ष वापर मोजत नाही, तर मशीनसाठी लेखी हमी दिलेले किमान आरक्षण मोजते. आरक्षण भरलेच नसेल, तर रॅमची गरज जवळपास शून्य धरली जाते आणि संगणकाच्या पडद्यावर सारे हिरवे, म्हणजे ठीक दिसत राहते. प्रसंग आल्यावर सगळी मशीन सुरू होतात, पण रॅम अपुरी पडल्याने डिस्कचा आधार घेत रखडत चालतात. उलट खानेपद्धतीत, म्हणजे सर्वांत मोठ्या आरक्षणावरून प्रत्येक खान्याचा आकार ठरवणाऱ्या पद्धतीत, एकाच मशीनला ६४ जीबी राखून दिले, तर २५६ जीबीचा सर्व्हर फार तर चार खान्यांचा ठरतो, आणि लहान मशीनही एक पूर्ण खाना अडवते. प्रोसेसरची ओढाताण काही वेळ सोसता येते, रॅमची नाही; म्हणून महत्त्वाच्या मशीनना तरी आरक्षण द्यावे. सुरू होण्याचा क्रमही ठरवावा: आधी डेटाबेस, मग त्यावर विसंबणारे सॉफ्टवेअर.

हे सारे गणित एका वेळी एकच सर्व्हर जाईल, या गृहीतकावर उभे आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि सर्व्हरला आत येणारी हवा साधारण १८ ते २७ अंशांची लागते. एकाच खोलीतील एसी बंद पडला, तर चारही सर्व्हर तापून पाठोपाठ स्वतःला बंद करून घेऊ शकतात. तेथे पाव भाग काय, अर्धा भाग राखूनही उपयोग नाही. त्यासाठी दुसऱ्या इमारतीत वेगळी प्रत हवी, आणि ती तळघरात ठेवू नये हे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरच्या अंबाझरी परिसरातील घरांत पाणी शिरलेले ज्यांनी पाहिले, त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.