मेकॅनीक : अ टेल ऑफ द सर्कस ट्रेसॉल्टी

अमेरिकन लेखिका जेनेव्हीव व्हॅलेंटाइन यांची पहिली कादंबरी. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. अद्भुतरम्य साहित्यातील नवोदितांना दिला जाणारा क्रॉफर्ड पुरस्कार तिला २०१२ मध्ये मिळाला आणि विज्ञानकथा व अद्भुतरम्य साहित्यासाठी दिल्या जाणाऱ्या नेब्युला पुरस्काराच्या अंतिम यादीतही तिचा समावेश होता. यंत्रांच्या वर्णनामुळे समीक्षक तिला सहसा स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या युगातल्यासारख्या यंत्रांचे जग कल्पिणाऱ्या साहित्याच्या, प्रकारात घालतात. परंतु यंत्र कसे चालते यापेक्षा त्यासाठी माणूस काय गमावतो, याकडेच लेखिकेचे लक्ष अधिक आहे.

कथेतील जग दीर्घ युद्धाने उद्ध्वस्त झालेले आहे. नगरे उरली आहेत, पण त्यांतील सत्ता वारंवार पालटते. त्यामुळे सर्कस ट्रेसॉल्टी एखाद्या नगरात काही वर्षांनी परतते, तेव्हा तेथे कोणाचे राज्य असेल हे कोणालाच ठाऊक नसते. राज्ये बुडतात आणि तंबू मात्र पुन्हा उभा राहतो, या विरोधावर सारे कथानक तोललेले आहे.

सर्कसची मालकीण ‘बॉस’ या नावानेच ओळखली जाते. पूर्वी ऑपेरात गाणारी ही स्त्री नाट्यगृहावर झालेल्या बाँबहल्ल्यातून वाचली, आणि मोडलेल्या देहांना धातूच्या आधाराने पुन्हा उभे करण्याची विलक्षण शक्ती तिला तेव्हापासून लाभली. पॅनाड्रोम हा वादक निम्मा माणूस आणि निम्मे वाद्य आहे. झुल्यावरच्या कसरतपटूंच्या शरीरात हाडांच्या जागी तांब्याच्या पोकळ नळ्या आहेत. मात्र ही हाडे मिळवणाऱ्याला आधी मरावे लागते. म्हणूनच तंबूत तांब्याची हाडे असलेले आणि नसलेले असा एक अबोल भेद सतत जाणवतो, आणि निवेदक लिटल जॉर्ज हा पोरगेला जाहिरातदार दुसऱ्या गटात मोडतो. लोकांना भुलवण्यासाठी तो पायांवर खोटे पितळी पाय चढवतो, हा तपशील त्याच्या मनातील आस पुरती सांगून जातो.

ॲलेक हा पंख असलेला कलावंत खेळ चालू असतानाच उंचावरून कोसळून मरण पावतो. मागे राहिलेले त्याचे पंख बर्ड आणि स्टेनोस या दोघांनाही हवे असतात. हे दोघे एकत्रच कसरत करतात. त्यामुळे एकमेकांना झेलणाऱ्या हातांतच वैर असते, आणि कादंबरीतील सर्वांत ताणलेले प्रसंग येथेच सापडतात. त्या मानाने बॉसची विद्या राज्यकारभारासाठी हस्तगत करू पाहणाऱ्या सरकारी माणसाचे, त्याला कादंबरीत नावही नाही, कथानक अधिक सरळ आहे.

निवेदन प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी आणि वाचकालाच प्रेक्षक मानणारे द्वितीयपुरुषी असे आलटूनपालटून येते. घटनाक्रमही सरळ नाही; महत्त्वाची माहिती पुष्कळदा कंसातील वाक्यांत सांगितलेली असते, त्यामुळे पहिली काही प्रकरणे वाचकाला बुचकळ्यात टाकतात.